लांबची लेन्स

बाबा, आज सकाळपासून मी स्वयंपाकघरातला वजनकाटा पुढ्यात घेऊन बसले आहे. एरवी त्याच्यावर रवा नाहीतर बेसन चढतं, आज कॅमेरा, लेन्स, बॅटऱ्या आणि तिपाई असं एकेक चढतंय आणि उतरतंय. चार दिवसांनी आम्ही दोघं नॉर्वेला निघालो आहोत. तुझी नात तिथे नोकरीला आहे, तिच्याकडे तीन आठवडे राहायचं. विमानात हातातल्या बॅगेत सात किलोच चालतात, आणि काचेचं सामान मोठ्या बॅगेत टाकायची माझी हिंमत नाही, ती बॅग कोण कुठे आपटेल काही सांगता येत नाही. तेव्हा सात किलोंत काय बसवायचं, एवढाच माझा आजचा प्रश्न. हे मघाशी आत डोकावले आणि म्हणाले, "आज पोहे मिळणारेत की लेन्सच शिजवणार आहेस?" मी मान वर केली नाही, तेव्हा त्यांनीच पोहे केले आणि मीठ घालायला विसरले. आम्ही दोघांनी ते तसेच खाल्ले.

तुला हे सगळं मुळापासून सांगायला हवं, कारण तू गेलास तेव्हा माझ्याकडे कॅमेराच नव्हता. तो आला पन्नाशी उलटल्यावर. तीस वर्षं पालीच्या शाळेत पोरांना बहिर्गोल भिंग शिकवलं, फळ्यावर किरण काढून काढून बोटं पांढरी केली, आणि मग एक दिवस वाटलं, आपण स्वतः कधी भिंगातून धड काही पाहिलेलंच नाही. आता निवृत्त होऊन आम्ही नागावात राहतो. दोन्ही बाजूंना लोकांनी वाड्यांमध्ये पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यात, शनिवार-रविवारी इथे गाड्याच गाड्या असतात. मी पहाटे खाडीकडे जाते आणि बगळ्यांचे, खंड्यांचे फोटो काढते. पक्ष्यांचं एक बरं असतं, त्यांना आपल्याशी बोलायचं नसतं. माणसांचे फोटो मी काढत नाही. का काढत नाही, हे मला पुष्कळांनी विचारलं, आणि दर वेळी मी वेगळं उत्तर दिलं.

लेन्स कालपर्यंत तीन होत्या. एक रुंद, तिच्यात अख्खा किनारा मावतो. एक साधी, पस्तीस मिलिमीटरची, मुठीत बसेल एवढी. आपल्या डोळ्याला दिसतं साधारण तेवढंच ती दाखवते, म्हणजे माणसाचा चेहरा हवा तर त्याच्यासमोर जाऊन उभं राहावं लागतं. आणि एक लांबची, जी माझी नव्हतीच, अलिबागच्या दुकानातून दोन दिवस वापरून बघायला आणली होती. तिचं वजन दीड किलो. तिच्यातून पन्नास पावलांवरच्या माणसाच्या पापण्या मोजता येतात. तुला मी कसं समजावलं असतं, याचा विचार करत होते, आणि लक्षात आलं की तुला समजावावंच लागलं नसतं. तुझ्या माळ्यावर जाळी होती तशाच या. बारीक आसाचं जाळं जवळ्याला, मोठ्या आसाचं पापलेटला. जाळ्याचं भोक केवढं यावर आत काय राहणार आणि काय निसटणार हे ठरतं, आणि लेन्सचंही तसंच आहे. तू ते भोक बोटांनी मोजायचास. लेन्सवाले मिलिमीटरमध्ये मोजतात, एवढाच फरक. एक गोष्ट मात्र तुला हसवेल. आपल्या दमट हवेत लेन्सच्या काचेवर आतून बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. म्हणून माझ्या लेन्स तांदळाच्या डब्यात राहतात, आणि आमच्या घरात भात लावताना आधी विचारावं लागतं की डबा कोणता.

तिकिटं काढल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "कुठे चाललात?" शेजारीण विचारते, बँकेतली मुलगी विचारते, रिक्षावाला विचारतो. मी हसून सांगते, पण दर वेळी तो प्रश्न मला अपशकुनी वाटतो, आणि हे सुशिक्षित बाईला शोभत नाही हे मला ठाऊक आहे. तुला आठवतंय का, मी नऊ वर्षांची होते. तू खांद्यावर जाळं घेऊन उंबरठ्याबाहेर पडला होतास आणि मी पडवीतून ओरडले होते, "बाबा, कुठं चाललास?" तू थांबलास. परत आलास, जाळं खाली ठेवलंस, आईकडून पाणी मागून प्यायलास आणि ओटीवर बसून राहिलास. तेवढ्यात पाणी ओसरलं, होड्या निघून गेल्या, आपली होडी चिखलात बसली. त्या दिवशी बाकीच्यांना पापलेट मिळालं, चांगलं टोपल्या भरून. आई माझ्याकडे अशी बघत होती की मी माडाच्या बुंध्यामागे जाऊन उभी राहिले. मला वाटलं, आता मार बसणार. तू मागे आलास आणि खाली बसलास, माझ्या उंचीला. म्हणालास, "दर्यावर जानाऱ्याला कुठं इचाराचा न्हाय, पोरी. काय आनशील, असा इचार." मी विचारलं, "कुठं विचारलं तर काय होतं?" तू डोकं खाजवलंस आणि म्हणालास, "माला बी ठावं न्हाय. पन कुठं जानार तां सांगून काय मिलतंय? काय आनाचा तां ठावं पायजे." आणि तोच तुझा राग होता, एवढाच.

त्यानंतर मी तुला जाळं निवडताना बघायला लागले. तू शिडीवरून माळ्यावर चढायचास आणि खालून मी कंदील धरायचे, नाही, चुकले, कंदील नव्हता, माळ्याला खिडकी होती आणि तिच्यातून सकाळचं ऊन यायचं. तुझ्याकडे चार जाळी होती आणि तू दर वेळी एकच खाली काढायचास. मी विचारलं, सगळी का नेत नाहीस, काहीतरी एकात सापडेलच. तू म्हणालास, "सगली नेली तर होडीत मी कुठं बसू? ना मासा कुठं ठेवू?" तू अगदी सरळ उत्तर दिलंस आणि मी मात्र त्याच्यावर कितीतरी दिवस विचार करत राहिले. मला अजून कळलेलं नाही की तू सकाळी उठून कसं ठरवायचास, आज पापलेट की बोंबील की रावस. वाऱ्यावरून? पाण्याच्या रंगावरून? की आईला काय खावंसं वाटतंय त्यावरून? हे मी कधी विचारलं नाही. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने आपल्या बापाला एवढा साधा प्रश्न विचारला नाही, याचं मला आज आश्चर्य वाटतं.

घरात मग तोच रिवाज पडला. कोणीही बाहेर निघालं की तू "काय आनशील?" म्हणायचास, मग ते बाजाराला असो की शाळेला. मी अलिबागला कॉलेजात जायला लागले तेव्हा पहिल्या दिवशीही विचारलंस. मी तोऱ्यात म्हणाले, "डिग्री." तू मान डोलावलीस, जणू मी सुरमई म्हणाले होते. तीन वर्षांनी ती खरंच आणली तेव्हा तू ती हातात घेऊन उलटसुलट पाहिलीस आणि विचारलंस, "ही टिकल ना?" लग्न होऊन पालीला निघाले तेव्हा गाडीच्या खिडकीशी आलास, तोंड उघडलंस, आणि दारात अडकलेला माझा पदर आत सारलास. मला ठाऊक होतं काय विचारणार होतास. सासरी सगळे वडिलांना अहो-जाहो करतात. मी तुला अरे-तुरे करते हे ऐकून पहिल्या दिवाळीला सासूबाईंना ठसका लागला होता. त्या घरात मी हळूहळू पुष्कळ गोष्टी सोडल्या, तुझी भाषाही सोडली. तुला तू म्हणणं मात्र सोडलं नाही.

अलिबागच्या दुकानात गेले त्याची गोष्ट सांगते. दुकानदार चाळिशीचा आहे, तोंडात सतत बडीशेप, बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी आणि मध्येच फोनवर गुजराती. त्याचा पहिला प्रश्न अर्थात तोच. "मॅडम, कुठे चाललात?" नॉर्वे म्हणताच त्याने रुंद लेन्स काढली. "नॉर्वे मतलब डोंगर, पाणी, बर्फ. वाइडच पाहिजे. आणि आकाशातले हिरवे लाइट." मी म्हणाले, आत्ता एप्रिल संपत आला, तिकडे आता दिवस लांबलेले असतात, ते लाइट दिसायचे नाहीत. तो जरा हिरमुसला. मग त्याने लांबची काढली. "मग ही घ्या. मच्छीमारांची गावं आहेत ना तिकडे? ही असेल तर कोणाला कळतसुद्धा नाही. लांबून नॅचरल एक्स्प्रेशन मिळतं, माणूस पोज देत नाही." मी ती डोळ्याला लावली आणि दुकानाच्या दारातून समोरच्या चहावाल्याकडे पाहिलं. तो नाक खाजवत होता. इतक्या जवळून दिसला की मीच ओशाळले आणि लेन्स खाली घेतली. तरी दोन दिवसांसाठी मागून आणली. खोटं कशाला बोलू, ती मला फार आवडली होती.

आवडायला कारण होतं. तुझ्या नातीने तिथे एका कुटुंबाशी बोलून ठेवलं आहे. उत्तरेकडच्या बेटांवर त्यांचं गाव आहे, अगदी समुद्राला लागून, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या मासे सुकवतात. घरातली म्हातारी अजून स्वतः उभी राहून काम करून घेते. त्यांनी आम्हाला एक अख्खा दिवस यायला सांगितलं आहे. आणि ऐक, तिकडे मासा सुकवतात तो आपल्या बोंबलासारखाच, लाकडी मांडव बांधून, वाऱ्यावर. मीठ नाही. पण ऊन म्हणावं तर तेही नाही, थंडीच थंडी. आपले बोंबील दोन-तीन दिवसांत खडखडीत होतात, त्यांचा मासा तीन-तीन महिने टांगलेला असतो. माश्या नाहीत म्हणे, कारण माश्यांनाही थंडी वाजते. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की तेही जोडीनेच टांगतात. आपण बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून जोडी करतो, ते शेपटीला शेपटी बांधतात. डोकं आधीच काढलेलं असतं. तू असतास तर पहिलं विचारलं असतंस, डोक्याचं काय करतात? मी तुझ्या नातीला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "आई, डोकी वेगळी सुकवतात आणि परदेशात विकतात. पण हे तू त्यांनाच विचार ना, एक दिवस आहे तुझ्याकडे." तिथेच तर माझी अडचण आहे. ती भाषा मला येत नाही, इंग्रजी बोलताना जीभ अडते, आणि परक्या माणसाच्या समोर कॅमेरा धरायचा म्हटलं की हात गार पडतात. लांबची लेन्स असती तर मांडवाच्या पलीकडे, वाटेच्या कडेला उभं राहून सगळं मिळालं असतं. म्हातारीच्या हातावरच्या शिरासुद्धा. तो एकच दिवस आहे आणि तो मी कसा घालवणार, एवढ्याचसाठी हे वजनकाट्याचं नाटक चाललं होतं.

काल सकाळी ती लेन्स घेऊन आपल्या गावी, थळला गेले. आपल्या घरात आता दुसरे राहतात, ते तुला ठाऊक नसणार. किनाऱ्यावर तोच खाऱ्या वाऱ्याचा आणि सुक्या मासळीचा घमघमाट, मागे खताच्या कारखान्याचं धुराडं. एक बाई दोरीवर बोंबील लावत होती, माझ्याच वयाची असेल. मी बांधावर उभी राहिले आणि लेन्स लावली. चौकटीत तिचे हात आले, जबड्यात जबडा अडकवणारी दोन बोटं आली, इतकी स्पष्ट की मी श्वास धरला. दोन फोटो काढले. तिसऱ्याला तिने मान वळवली आणि सरळ माझ्या डोळ्यात पाहिलं. म्हणजे लेन्समधून तसं वाटलं. मग हात वर करून बोलावलं, "ये, ये इकडं."  पळून जायचं मनात आलं, पण वाळूत पळायचं वय राहिलं नाही. मी गेले. ती म्हणाली, "तिथशी काय चोरतेस? काढाचा तर हितशी काढ." मी लेन्स बदलली, छोटी लावली आणि काढायला लागले, तर ती हसली, "आता त नाकात शिरलीस." मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "कोनाची गो तू?" मी तुझं घर सांगितलं. ती म्हणाली, "अगो, म्हंजे तू आपलीच." मी तिला कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो दाखवला. तिने बराच वेळ पाहिला. "बोंबील बेस आलं. मीच वाकरी आले." मी पुन्हा काढला. तो पसंत पडला. आणि मग तिने विचारलं, "ह्यो माला कवा मिलल?"

बाबा, मला तू आठवलास. कारण वेगळ्या शब्दांत हाच प्रश्न तू विचारायचास. आई गेल्यानंतरचं ते वर्ष. तू होडीवर जाणं थांबवलं होतंस, पण रोज सकाळी किनाऱ्यावर सावलीत बसून दुसऱ्यांची जाळी शिवून द्यायचास. मी पालीहून आले होते, तू भाकरी मोडता मोडता सांगितलंस, "येक जन आलता. ह्यो येवढा कॅमेरा. लांबशी हुबा राहून माझा फोटो काढलान. मी हात केला, जवल ये म्हटला, त त्यानं बी हात केलान ना गेला." तुला राग आला नव्हता. तुला कुतूहल होतं. मी पुढच्या महिन्यात आले तेव्हा पुन्हा तेच काढलंस. "कसा आलो असन गो मी?" आणि त्याच्या पुढच्या वेळी, "गाठ दिसली असंल का त्यात? मी तवा गाठ मारीत व्हतो." तुला चेहऱ्याची फिकीर नव्हती, बनियनला भोक होतं त्याचीही नाही. गाठ दिसली की नाही, एवढंच हवं होतं. एकदा म्हणालास, "कोनाच्या तरी घरात मी भितीवर असन. त्यांना ठावं बी नसंल मी कोन." आणि हसलास. मी म्हणाले, "जाऊ दे ना बाबा." दीड वर्षाने तू गेलास. आमच्या भिंतीवरचा तुझा फोटो ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला आहे. त्यात तू अशा माणसासारखा दिसतोस ज्याने आयुष्यात कधी पाणी पाहिलं नाही.

थळहून परतताना सरळ दुकानात गेले आणि लांबची लेन्स परत केली. दुकानदाराला वाटलं, बिघडली. मी म्हणाले, "नाही, छान आहे. मला फोटो छापायचं मशीन दाखवा, पिशवीत मावेल असं." त्याने वरच्या फळीवरून एक डबी काढली, धूळ पुसली. "हे वाढदिवसाला नेतात लोक, मुलांना मजा येते. नॉर्वेला कशाला?" मी म्हणाले, वजनाला हलकं आहे. ते खरंही आहे, कागदासकट अर्धा किलोसुद्धा भरत नाही. शाई लागत नाही, कागद एका बाजूने पांढरा आत जातो आणि चार वेळा मागेपुढे होऊन फोटो घेऊन बाहेर येतो. हे कसं होतं ते मला अजून नीट समजलेलं नाही, पण जाण्याआधी समजून घेणार आहे. घरी आल्यावर यांच्यावर प्रयोग केला. पहिला फोटो निघाला तो यांनी चष्मा लावून पाहिला, मग चष्मा काढून पाहिला, म्हणाले, "मी एवढा म्हातारा झालोय?" आणि पाकिटात ठेवून दिला. आज पोह्यांनंतर काटा तसाच ठेवून थळला जाऊन आले आणि त्या बाईला तिचा दिला. तिने हात पदराला पुसून घेतला आणि लगेच शेजारणीला दाखवायला गेली. मला विसरलीच.

तर बॅग अशी भरली आहे. कॅमेरा, पस्तीसची छोटी लेन्स, ते मशीन, कागदाची पाच पाकिटं, थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात म्हणून चार बॅटऱ्या, त्या अंगाशी ठेवायला आतला खिसा शिवून घेतलेलं जाकीट, आणि थंडीतून उबेत आल्यावर काचेवर दव धरू नये म्हणून घट्ट बांधायच्या दोन प्लास्टिकच्या पिशव्या. रुंद लेन्स तांदळाच्या डब्यात राहील. डोंगर यांच्या मोबाइलवर येतील. इंग्रजीत चार वाक्यं पाठ करते आहे. फोटो काढू का. तुम्हाला हा हवा का. डोकी कोण विकत घेतं. गाठ कशी मारता. हात अजून गारच पडतात, पण आता निदान त्या म्हातारीच्या समोर उभं राहण्यावाचून मला गत्यंतर नाही, कारण या लेन्सला लांबून काही दिसतच नाही.

हे पत्र वहीत राहणार आहे, पाठवायला पत्ता नाही. म्हणून आता उरलेलं लिहिते. तो कॅमेरावाला माणूस आला त्या दिवशी मी थळला होते. पालीहून शाळेच्या शिक्षकांची सहल नागावला निघाली होती, वाटेत कोणाला तरी ताजी मासळी हवी झाली आणि गाडी वाट वाकडी करून आपल्या किनाऱ्यावर थांबली. तू पन्नास पावलांवर बसला होतास, खाली मान घालून. शाळेत मी वडिलांचा मासळीचा धंदा आहे असं सांगितलं होतं, त्यांनी व्यापारी असा अर्थ घेतला, आणि मी तो घेऊ दिला होता. एका बाईंनी नाकाला रुमाल लावला होता. मी गाडीच्या आडोशाला उभी होते. तुझ्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता, मी तुला दिसले नसेन असं मी इतकी वर्षं धरून चालले आहे, पण दर भेटीत तू मलाच का विचारायचास, हे मात्र मी स्वतःला विचारलं नाही. त्या माणसाने फोटो काढला, तुला हात केला आणि आमच्याकडे आला. चांगला माणूस होता. खिशातून डायरी आणि पेन काढून त्याने विचारलं, "त्या बाबांचा पत्ता आहे का कोणाकडे? प्रिंट पाठवीन म्हणतो." डायरी माझ्यासमोर उघडी धरली होती. मी म्हणाले, "राहू द्या हो, त्यांना कशाला लागतोय फोटो."